कुरूप : ब्लेडला हात लावण्यापूर्वी

गेल्या महिन्यात साठीचे एक शेतकरी मुलाचा हात धरून दवाखान्यात आले. ‘‘डॉक्टर, कुरूप कापलं, पण मूळ आत राहिलं बघा.’’ दाढीच्या ब्लेडने स्वतःच कापले होते. जखम चिघळली होती, पाऊल सुजले होते. दुखत मात्र फारसे नव्हते. मला तेच खटकले. साखर तपासली तर २९० निघाली. आपल्याला मधुमेह आहे हे त्यांना त्या दिवशी प्रथमच कळले.

पायाच्या एकाच जागी सतत दाब पडला किंवा घर्षण झाले, की कातडी स्वतःच्या बचावासाठी जाड होते. पसरट जाड झाली तर तो घट्टा. लहानशी, मध्ये टणक खिळा असलेली गाठ झाली तर ते कुरूप. कोणी त्याला भोवरी म्हणतात. या खिळ्याचे टोक आत रुतते म्हणून चालताना कळ येते. पण कुरुपाला मूळ नसते! कापूनही ते पुन्हा येते, कारण दाब तसाच राहतो. म्हणून मी रुग्णाची चप्पल आधी पाहतो. ती टेबलाजवळ आणायला सांगितली की मंडळी संकोचतात, पण निम्मे निदान तिथेच होते. टाच एका बाजूला झिजलेली, पुढचा भाग अरुंद, नाहीतर तळ पार कडक.

गाठ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर जास्त दुखली आणि तिच्यात काळे ठिपके दिसले, तर ती बहुधा चामखीळ असते. तिचा उपचार वेगळा.

साध्या घट्ट्यासाठी रात्री दहा मिनिटे कोमट पाण्यात पाय ठेवावेत, वजरीने हलकेच घासावे, कोरडे करून खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावावे. एका दिवसात सगळे काढण्याची घाई नको. कॉर्नकॅपमधील सॅलिसिलिक ॲसिड जाड कातडीबरोबर शेजारची चांगली कातडीही खाते, म्हणून ती नेमकी गाठीवरच बसवावी.

मधुमेह असलेल्यांनी, पाय बधिर असलेल्यांनी यातले काहीही घरी करू नये. त्यांना पाण्याचा चटकासुद्धा कळत नाही. कॉर्नकॅप नको, ब्लेड तर नकोच. रोज तळपाय आरशात पाहावेत, घट्टा दिसला तर डॉक्टरांना दाखवावा.

त्या शेतकऱ्यांची जखम आता भरत आली आहे, साखरही उतरते आहे. मऊ तळाची एमसीआर चप्पल आणायला सांगितली आहे. ‘‘शेतात टिकंल का ती?’’ हा त्यांचा प्रश्न अजून संपलेला नाही.