शेतातून गोठ्यात जाणारे हट्टी जंतू

पालघरहून बोईसरला जाताना आधी भातखाचरे लागतात आणि मग तारापूर औद्योगिक वसाहतीचे कारखाने. त्यांत औषधांचेही कारखाने आहेत. प्रतिजैविके कारखान्यात बनतात हे तुम्हांला ठाऊक असेल. पण त्यांपैकी कितीतरी औषधांचे मूळ मात्र मातीत आहे.

१९४३ साली अमेरिकेत सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शात्झ यांनी स्ट्रेप्टोमायसीन शोधून काढले. ते तयार करणारे सूक्ष्मजीव त्यांना दोन ठिकाणी सापडले. एक, भरपूर खत घातलेल्या शेताच्या मातीत आणि दुसरे, कोंबडीच्या घशात!

जो जीव विष तयार करतो, त्याला स्वतःचा बचावही करावा लागतो. म्हणून प्रतिजैविकाला दाद न देण्याचा गुण, म्हणजेच रोधकता, मातीतील जीवाणूंमध्ये फार पूर्वीपासून आहे. २०११ साली कॅनडातील ३०,००० वर्षांपूर्वीच्या गोठलेल्या मातीतही रोधकता देणारी जनुके आढळली.

मग आजच काळजी का करायची? समजा, कोंबडीच्या आतड्यातील दहा लाख जीवाणूंपैकी एकच रोधक आहे. औषध दिले की बाकीचे मरतात आणि त्या एकाला रान मोकळे मिळते. अनुकूल स्थितीत काही जीवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. या वेगाने दहा तासांत एकाचे शंभर कोटींहून अधिक होतील!

१९७६ साली अमेरिकेतील स्ट्यूअर्ट लेव्ही यांनी हे प्रत्यक्ष दाखविले. त्यांनी कोंबड्यांच्या खाद्यात टेट्रासायक्लीन मिसळले. एका आठवड्यातच कोंबड्यांच्या आतड्यांतील जवळजवळ सर्व जीवाणू रोधक झाले. काही महिन्यांत त्या शेतावर राहणाऱ्या माणसांच्या पोटातही असे जीवाणू वाढले. शेजाऱ्यांमध्ये मात्र ते तसे वाढले नाहीत.

आता हे चक्र शेतात कसे फिरते ते पाहू. जनावराला दिलेल्या टेट्रासायक्लीनचा बराच भाग न बदलता शेणामुतातून बाहेर पडतो. त्याच्याबरोबर रोधक जीवाणूही येतात. हे ताजे शेण किंवा कोंबडीखत शेतात पडले की त्यांची मातीतील जीवाणूंशी गाठ पडते. एक जीवाणू दुसऱ्याला प्लाझ्मिड नावाचे जनुकांचे छोटे कडे देऊ शकतो. अशा देवघेवीतून रोधकता एका जातीच्या जीवाणूकडून दुसऱ्या जातीकडे जाते, हे जपानी शास्त्रज्ञांनी १९५९ साली दाखवून दिले. पुढे बांधावरचे गवत, पेंढा आणि डबक्यातले पाणी यांवाटे हे जंतू शेळ्या-म्हशींच्या पोटात शिरतात, आणि तेथून पुन्हा शेणात! भातावरील जिवाणूजन्य करप्यासाठी स्ट्रेप्टोमायसीन फवारले, तरी शेतात रोधक जंतूंचीच निवड होते.

कारखान्याचे सांडपाणीही हेच काम करू शकते. २००७ साली हैदराबादजवळ पटानचेरू येथे औषध कारखान्यांच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यातसुद्धा सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक फार मोठ्या प्रमाणात सापडले. शेते आणि औषध कारखाने जेथे शेजारी-शेजारी आहेत, तेथे हा धडा विसरून चालणार नाही.

याचा परिणाम काय? म्हशीच्या कासेला सूज येते, वासराला हगवण लागते आणि नेहमीचे औषध लागू पडत नाही. माणसांच्या रोगांवरही बहुधा त्याच गटांतील औषधे वापरतात. म्हणूनच माणसांसाठी राखून ठेवलेल्या कोलिस्टीनचा पशुपालनातील वापर भारत सरकारने २०१९ साली बंद केला.

हे चक्र तोडता येते. निरोगी जनावरांना वाढीसाठी प्रतिजैविके देऊ नयेत; आजारी जनावराला पशुवैद्याच्या सल्ल्यानेच द्यावीत. लसीकरण आणि गोठ्याची स्वच्छता यांमुळे औषधाची गरजच कमी होते. शेण ताजे न पसरता कुजवून वापरावे. नीट रचलेल्या ढिगाचे तापमान ५५ अंश सेल्सियसच्या वर जाते. असे काही दिवस राहिले आणि ढीग मधूनमधून उलथला, तर बरेच रोगजंतू मरतात आणि औषधाचा पुष्कळ अंशही विघटन पावतो. रोधक जनुके मात्र सगळीच नाहीशी होत नाहीत. म्हणून औषधाचा वापर कमी करणे हाच पहिला उपाय होय.

करून पाहा : शिक्षकांच्या मदतीने खताच्या ढिगाचे तापमान रोज एकाच वेळी व एकाच खोलीवर मोजा आणि आलेख काढा. प्रयोगशाळेतील तापमापक घ्या. तापाचा तापमापक ४२ अंशांपर्यंतच असतो. नंतर साबणाने हात धुवायला विसरू नका. तुमच्या गावातला ढीग ५५ अंशांपर्यंत पोहोचतो का?