तोरण्याच्या पायथ्याशी शेत घेताना

समोर तोरणा, पलीकडे राजगड, खाली खाचरात इंद्रायणी भात. भोर आणि वेल्ह्याच्या जमिनींच्या जाहिराती याच दृश्यावर चालतात. दृश्य खोटं नाहीच. १,४०३ मीटरांचा तोरणा हा पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला.

पण आधी सातबारा पाहावा. कूळकायद्याच्या कलम ६३ नुसार बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. भोगवटादार वर्ग २ असेल, तर विक्रीलाही सहसा परवानगी लागते. भाटघर, नीरा-देवघर, पानशेत, वरसगाव अशा धरणांच्या या मुलखात पुनर्वसनाच्या आणि संपादनाच्या नोंदी मुद्दाम तपासाव्यात. इतर हक्कांत खाजगी वनाचा शेरा दिसला, तर तिथेच थांबलेलं बरं. मोजणी आणि वहिवाटीचा रस्ता हे दोन्ही इसार देण्याआधीच बघायचे.

जमीन पाहायला सगळे श्रावणात जातात. जाणकार मात्र मे महिन्यात जातो, कारण धो धो पावसाच्या या डोंगरउतारावरच्या विहिरी उन्हाळ्यात तळ गाठतात.

राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणामुळे शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करून पाहुणे ठेवता येतात. भातलावणी, गडभ्रमंती, मढे घाटाची वाट, चुलीवरचं जेवण. पाहुण्यांना एवढं पुरतं. पोहण्याचा तलाव कशाला हवा?