आकडा बिघडतो तो नळीतच

डेंग्यूचे दिवस आले की ‘प्लेटलेट घसरल्या’ एवढ्यानेच घराचा धीर सुटतो आणि नातेवाईक रक्तपेढीकडे धावतात. पण तो आकडा आला कुठून, हे कोणी विचारत नाही. जांभळ्या बुचाच्या नळीतले ईडीटीए रक्त गोठू देत नाही. मात्र रक्त घेताच नळी हलक्या हाताने आठ-दहा वेळा खाली-वर केली नाही, तर बारीक गुठळ्या होतात, प्लेटलेट त्यांत अडकतात आणि यंत्र उरलेल्याच मोजते. काहींच्या प्लेटलेट तर ईडीटीएमुळेच एकमेकींना चिकटतात. अशा वेळी काचपट्टीवर नजर टाकली किंवा सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त घेतले, की घबराट ओसरते.

इटलीतल्या पादुआचे मारिओ प्लेबानी आणि पाओलो कारारो यांनी तातडीच्या तपासण्यांतल्या चुका मोजल्या, तेव्हा १९९७ च्या अहवालात ६८.२ टक्के चुका यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच्या निघाल्या. दहा वर्षांनंतरही हे प्रमाण ६१.९ टक्के होते. यात नवल नाही. दंडाचा पट्टा मिनिटापेक्षा जास्त आवळून ठेवला, की प्रथिने आणि कॅल्शियम वाढलेले दिसते. सिरिंज जोरात ओढली की तांबड्या पेशी फुटतात आणि आतले पोटॅशियम बाहेर येते. नळी कमी भरली म्हणून जांभळ्यातले रक्त लाल नळीत ओतले, तर ईडीटीएच्या क्षारातले पोटॅशियमही सोबत जाते आणि धडधाकट माणसाचा अहवाल हृदय बंद पडण्याच्या बेतात दिसतो. साध्या नळीत ताटकळलेल्या रक्तातली साखर पेशी तासाला पाच ते सात टक्के संपवतात. घरी येऊन नमुना नेणाऱ्या सेवेने हा हिशेब विसरून चालत नाही.

आता यंत्रे इतकी हुशार झाली आहेत की फुटलेले रक्त ती स्वतःच ओळखतात, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण नळीवर दुसऱ्याचेच नाव असेल, तर यंत्र चुकीच्या माणसाचा अचूक आकडा देते. सकाळच्या गर्दीत एवढे सोपस्कार कसे पाळायचे, हा आक्षेपही खोटा नाही. मात्र नळी खाली-वर करायला काही सेकंदच लागतात, आणि फेरतपासणीला आख्खा दिवस. प्रयोगशाळा जाहिरातीत यंत्राची किंमत सांगतात, सुई धरणाऱ्या हाताच्या प्रशिक्षणाविषयी मात्र बोलत नाहीत. निदान रुग्णाने तरी उठण्यापूर्वी आपले नाव विचारून ते आपल्यासमोर नळीवर लिहिले गेले का, एवढे पाहावे.