पोटरीतील कळ

बालाघाट जिल्ह्याच्या जंगलांत उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडला जातो, पन्नास-पन्नास पानांचे पुडके बांधले जातात, आणि पुढे त्याच पानाची विडी होऊन ती रोवणी आटोपून धुऱ्यावर टेकलेल्या माणसाच्या ओठी येते. या विडीचा आणि पायाच्या एका दुखण्याचा निकटचा संबंध आहे.

दुखण्याची सुरुवात साधी असते. चाळिशीही न गाठलेला गृहस्थ बाजाराच्या वाटेने निघतो. शे-दोनशे पावलांवर तळपायात किंवा पोटरीत कळ येते. थांबले की दोन-चार मिनिटांत ती विरते आणि तितकेच चालले की पुन्हा उठते. घरी वात ठरतो, तेल चोळले जाते. परंतु वात असा पावले मोजून येत नसतो. हृदयातून निघालेली महारोहिणी बेंबीच्या पातळीवर दुभंगून दोन्ही पायांस रक्त पुरविते. वाटेतील रोहिणी अरुंद झाली, म्हणजे बसलेल्या माणसाच्या स्नायूंस पुरणारे रक्त चालताना पुरत नाही.

उतारवयात, विशेषतः मधुमेह असणाऱ्यांत, रोहिणीच्या आतून मेदाचा थर साचतो. तरुणांतील प्रकार निराळा. १९०८ साली न्यूयॉर्कच्या लिओ बर्गर यांनी त्याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून तो बर्गरचा रोग. त्यात हातापायांच्या बारीक रक्तवाहिन्यांस दाह होऊन आत रक्त गोठते. तंबाखू न सेवणाऱ्यास तो क्वचितच होतो.

पावसाळ्यात फसगत होते. बांधीत चिखल तुडविणाऱ्यांच्या बोटांत चिखल्या होतातच. त्यामुळे बोटाच्या टोकाची न भरणारी जखमही चिखल्यांतच जमा धरली जाते. पाय गार पडणे, रात्री कळ येऊन खाटेखाली पाय सोडल्यावरच आराम वाटणे, अशी लक्षणे दिसू लागली की रोग बराच पुढे गेलेला असतो. अशा पायास शेक देणे घातक. बधिर कातडी भाजते आणि कळतही नाही.

डॉक्टर पावलावरची व घोट्यामागची नाडी चाचपतात, दंडाचा व घोट्याचा रक्तदाब ताडून पाहतात. घोट्याचा दाब दंडाच्या नऊ दशांशाहून कमी भरला, तर अडथळा समजावा. जुन्या मधुमेह्यात मात्र रोहिण्या कडक झाल्याने हा आकडा फसवू शकतो.

उपायांत पहिला विडी सोडणे; आणि येथे निम्म्यावर आणण्याचा हिशेब चालत नाही. बर्गरच्या रोगात दिवसाच्या एक-दोन विड्याही रोग जागता ठेवतात. विडी टाकून खर्रा धरणे ही निव्वळ पळवाट. या रोगात शस्त्रक्रियेने नवी वाट जोडावी, तर पुढची वाहिनीच बहुधा शिल्लक नसते. मेदाच्या रोगात औषधांबरोबर चालण्याचा व्यायाम गुण देतो: कळ येईतो चालावे, थांबावे, पुन्हा चालावे, असे आठवड्यातून तीनदा, निदान तीन महिने.

धूम्रपान करणाऱ्या वृद्धांत पोटातील महारोहिणी मुकाट्याने फुगते. सोनोग्राफीत ती सहज दिसते. साडेपाच सेंटिमीटरपर्यंत फुगली, तर पुरुषांत शस्त्रक्रियेचा विचार करतात. छातीत वा पाठीत एकाएकी फाटल्यासारखी वेदना उठली, तर महारोहिणीचे अस्तर चिरल्याची शंका घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे.

पाय अकस्मात पांढरा, गार व बधिर पडला, तर तो वाचविण्यास साधारण सहा तासांचाच अवधी असतो. बैहर वा लांजीकडून नागपूर गाठायचे, तर त्यांतील बराच काळ रस्त्यातच जातो. तेव्हा अशा रुग्णास घेऊन सकाळची वाट न पाहता रात्रीच निघावे.