गेटबाहेरची नोकरी

तारापूर एमआयडीसीत भरलेल्या गाडीला मुंबई–अहमदाबाद महामार्ग गाठायचे दोन रस्ते. एक बोईसरहून चिल्हार फाट्याला निघणारा, बहुतेक अवजड गाड्यांचा. दुसरा पालघरवरून वाघोबा खिंड ओलांडून मासवणला सूर्या नदीपाशी येणारा आणि पुढे मनोरजवळ महामार्गाला मिळणारा. मासवण काही ट्रकवाल्यांचं गाव म्हणून ओळखलं जात नाही. तरी वडोदरा–मुंबई द्रुतगती महामार्गाच्या कागदांत ‘शिरसाड ते मासवण’ असा अख्खा टप्पा त्याच्या नावावर आहे, आणि या पट्ट्यात पुढे काय येणार आहे, याचा अंदाज त्यावरून येतो.

या रस्त्यांवरच्या गाड्यांच्या टपांवर, दारांवर, ताडपत्रीवर मोठ्या वाहतूक कंपन्यांची नावं रंगवलेली असतात. आत बसलेला माणूस त्या कंपनीचा नोकर असेल, असं आपण धरून चालतो. तसं असतंच असं नाही. धंद्याच्या भाषेत गाड्या तीन जातींच्या. एक कंपनीची स्वतःची. दुसरी ‘अटॅच’, म्हणजे मालक वेगळा, पण गाडी वर्षानुवर्षं एकाच कंपनीच्या कामाला लावलेली. तिसरी ‘मार्केट गाडी’, म्हणजे माल असेल त्या दिवशी एजंटाकडून भाडं ठरवून बोलावलेली. आपल्या देशातले बहुतेक ट्रक एक-दोन, फार तर चार-पाच गाड्यांच्या मालकांचे आहेत. त्यामुळे मोठ्या कंपनीची बिल्टी घेऊन निघालेला ड्रायव्हर बऱ्याचदा कुठल्या तरी छोट्या शेठचा माणूस असतो. कंपनीची शिस्त त्याला पाळावी लागते, पण कंपनीचा पगार त्याला नसतो. ट्रकधंद्यातली निम्मी भांडणं इथून सुरू होतात.

काही कंपन्यांनी मात्र गाड्या स्वतःच्या ठेवायच्या असं ठरवलं. आपल्या सीमेलगतचं मोठं उदाहरण हुबळीच्या व्हीआरएलचं. विजय संकेश्वरांनी १९७६ साली गदगला एका ट्रकवर धंदा सुरू केला. आज त्यांच्याकडे काही हजार गाड्या आहेत, ड्रायव्हर पगारी आहेत आणि दुरुस्तीचं वर्कशॉपही हुबळीजवळ घरचंच आहे. ड्रायव्हरच्या बाजूने पाहिलं तर यातली सगळ्यात मोठी गोष्ट ते वर्कशॉप. छोट्या मालकाच्या गाडीचा पाटा तुटला की ड्रायव्हर रस्त्याकडेला मिस्त्री शोधतो, मालकाला फोन लावतो, पैसे येईपर्यंत गाडीखाली सावलीला पडून राहतो. कंपनीच्या गाडीला निदान विचारायला एक नंबर असतो, आणि तो उचलणारा माणूस असतो.

नोकरी म्हणून कंपनीची गाडी उजवी, हे मान्यच करायला हवं. ठरलेला पगार, भविष्यनिर्वाह निधी, विमा, रजेवर गेलं तर परत आल्यावर गाडी मिळण्याची शाश्वती. शेठच्या गाडीवर पगार थोडा नि ट्रिपचा भत्ता मोठा, आणि तोही ट्रिप झाली तर. आजारपणात मालक चांगला निघाला तर चार पैसे देतो, नाही तर दुसरा ड्रायव्हर बसवतो.

कामाच्या तासांचं कागदावर सगळं ठीक आहे. १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास ठरवून दिले, सलग ५ तास चालवल्यावर अर्धा तास विश्रांती सांगितली. लांब पल्ल्यासाठी दिवसाचे तास १० पर्यंत नेता येत होते. हे तास मोजणार कोण, हा प्रश्न पन्नास वर्षं कुणाला पडला नाही. आता मोजण्याचं यंत्र गाडीतच आहे. जीपीएसला गाडी कुठे आहे ते कळतं, इंजिन चालू आहे की बंद ते कळतं, जोरात ब्रेक मारला तेही कळतं. डिझेलच्या टाकीत सेन्सर असतो. बऱ्याच ताफ्यांत समोरच्या काचेवर कॅमेरा आणि त्याचा दुसरा डोळा ड्रायव्हरच्या चेहऱ्याकडे. डुलकी लागली तर बझर वाजतो. एवढी सगळी मोजणी होते. मात्र तिचा उपयोग कुणाला होतो ते पाहायला हवं. त्याकडे पुढे येतोच.

आधी काम काय असतं ते पाहू. तारापुरात रसायनं, औषधं, कापड आणि पोलाद असं सगळंच आहे, त्यामुळे ड्रायव्हरही एका साच्यातले नाहीत. टँकरवाला ही वेगळीच जात. धोकादायक रसायन नेणाऱ्या ड्रायव्हरला केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ९ प्रमाणे तीन दिवसांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि लायसनवर तशी नोंद करून घ्यावी लागते. त्याला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यायला हवी, असंही नियम सांगतो. साध्या ट्रकसाठी असलेली आठवी पासची अट सरकारने २०१९ साली काढून टाकली. टँकरवाल्याला मात्र वाचता येणं सुटलेलं नाही. कारण त्याच्या गाडीवरच वाचण्यासारखं बरंच असतं. टँकरच्या बाजूला आणि मागे जी चौकटीची पाटी असते, तिच्यावर रसायनाचं नाव, धोक्याचं चिन्ह, आणीबाणीत लावायचा फोन आणि चार आकडी संयुक्त राष्ट्र क्रमांक. १८३० म्हणजे गंधकाम्ल, १७८९ हायड्रोक्लोरिक, १२३० मिथेनॉल. आकडे नियमाप्रमाणे किमान १० सेंटिमीटर उंच, म्हणजे गळती झाली तर अग्निशमन दलाला लांबूनच वाचता यावेत. केबिनमध्ये याच मालाची माहिती देणारं ट्रेमकार्ड ठेवायचं. माल बदलला की पाटी बदलायची. मागच्या मालाची पाटी तशीच राहिली आणि गाडी उलटली, तर आग विझवायला आलेला माणूस चुकीचं औषध घेऊन येणार.

टँकरवाल्याचा दुसरा जाच म्हणजे वजन. रिकामी गाडी काट्यावर, भरल्यावर पुन्हा काट्यावर, उतरवायच्या ठिकाणी तोच प्रकार. झडपांना सील लागतं, सीलचा नंबर बिल्टीवर लिहिला जातो. वाटेत डिझेल भरलं तरी वजन हलतं. २०० लिटर म्हणजे साधारण १७० किलो. म्हणून दोन काट्यांच्या मध्ये डिझेल कुठे भरायचं हे जुना ड्रायव्हर आधीच ठरवून ठेवतो. माल कमी भरला तर ‘शॉर्टेज’ निघतं, आणि शॉर्टेजची कापणी शेवटी कुणाच्या पगारात उतरते हे सांगायला नको. वेगाचंही बंधन आहे: टँकर आणि धोकादायक मालाच्या गाड्यांना ताशी ६० किलोमीटरचा वेगनियंत्रक. महामार्गावर अशा टँकरमागे अडकलेले मोटारवाले हॉर्न वाजवत असतात. त्यांना वाटतं ड्रायव्हर मुद्दाम अडवतोय.

पोलादाचा ट्रेलर म्हणजे वेगळं भय. पत्र्याची एक गुंडाळी, कॉइल, पंधरा-वीस टनांची असू शकते. ती ट्रेलरवर ठेवली की खाली लाकडी गुटके मारायचे, साखळ्या टाकायच्या, टॉमी घालून साखळ्या ताणायच्या. लोड करणारा क्रेनवाला हूक सोडून मोकळा होतो. बांधणं बऱ्याच ठिकाणी ड्रायव्हरच्याच गळ्यात. उतारावर जोरात ब्रेक मारावा लागला तर ट्रेलर थांबतो, पण कॉइलला कुणी थांबायला सांगितलेलं नसतं, आणि तिच्यापुढे केबिन असते. मेंढवण खिंडीसारख्या जागी नवशिक्या आणि मुरलेल्या ड्रायव्हरमधला फरक कळतो. मुरलेला आधी गिअर पाडतो, ब्रेक नंतर.

पूर्वी या सगळ्यात दुसरा माणूस सोबत असायचा. क्लीनर. उस्तादाला चहा आणायचा, रिव्हर्स घेताना मागे उभा राहून गाडी ठोकायचा, ताडपत्री बांधायचा, आणि चार वर्षांत स्वतः स्टिअरिंगवर बसायचा. कंपन्यांनी खर्च वाचवायला तो काढला. २०२५च्या जुलैत महाराष्ट्रातले मालवाहतूकदार संपावर गेले तेव्हा ई-चलानाच्या तक्रारीबरोबर क्लीनरची सक्ती काढा, ही मागणीही त्यांनी लावून धरली होती. नवे ड्रायव्हर मिळत नाहीत, अशी तक्रारही हेच मालक करतात. ज्या शाळेतून ड्रायव्हर तयार व्हायचे, ती शाळा आपणच बंद केली हे कुणी बोलत नाही.

पैशाचा व्यवहारही बदलला. निघताना हातात रोख ‘खर्ची’ मिळायची: डिझेल, टोल, नाके, जेवण, आणि पोलीस वगैरे धरून. त्यातून वाचेल ते ड्रायव्हरचं. २०१७ साली जीएसटी आला आणि नाक्यांवरच्या रांगा गेल्या. २०२१च्या फेब्रुवारीपासून फास्टॅग सक्तीचा झाला. डिझेल कंपनीच्या कार्डावर गेलं. यात चोरी कमी झाली हे खरं. ढाब्यामागे कॅनमध्ये डिझेल काढून विकण्याचा उद्योग सेन्सरने बराच अवघड केला. पण त्या रोख रकमेतला थोडा हात ढिला करूनच ड्रायव्हर अडीअडचण निभावायचा. आता टायर फुटला तर आधी फोटो, मग ऑफिसची मंजुरी, मग पैसे. प्रामाणिक माणसालाही पुरावा देत राहावं लागतं, आणि त्याचा त्याला जास्त राग असतो.

मोजणीच्या त्या यंत्राकडे परत येऊ. तारापूरहून न्हावाशेव्याला कंटेनर न्यायचा म्हणजे दीडशे किलोमीटरच्या आसपासचं काम. रस्ता मोकळा असेल तर चार-पाच तासांत व्हायला हरकत नाही. होत नाही. ठाण्याच्या हद्दीत दिवसाच्या ठरावीक वेळांत अवजड गाड्यांना बंदी, म्हणून घोडबंदरच्या अलीकडे उभं राहायचं. २०२४ साली महामार्गावर दहिसर ते अच्छाड काँक्रीटचा थर टाकायचं काम चाललं तेव्हा तर गाड्या तासन्‌तास जागच्या जागी होत्या. बंदरात पुन्हा रांग. पण सगळ्यात जास्त वेळ जातो तो कारखान्याच्या गेटवर. सकाळी पोहोचलेल्या गाडीला संध्याकाळी आत घेणं ही नेहमीची गोष्ट आहे. माल तयार नाही, क्रेन दुसरीकडे आहे, काटा बंद आहे, साहेब जेवायला गेलेत. तोवर गाडी रस्त्याकडेला, आणि ड्रायव्हर गाडीत, कारण गाडी सोडून तो जाऊ शकत नाही. बोईसरच्या उन्हात इंजिन बंद केलेली केबिन म्हणजे तवा. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, हे उत्तमच. फक्त एसी चालायला इंजिन चालू लागतं, आणि उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवलं की डिझेलचा ‘अ‍ॅव्हरेज’ पडतो. अ‍ॅव्हरेज पडला की महिन्याचा बोनस जातो.

गेटवर संडास नाही, पाणी नाही, आत कॅन्टीन आहे पण ते कामगारांसाठी. ड्रायव्हर ना कारखान्याचा ना पाहुणा. मोठ्या कंपनीची वर्दी अंगावर असली तरी वॉचमन त्याला अरेतुरेच करतो. काही चांगल्या कारखान्यांनी ड्रायव्हरसाठी खोल्या बांधल्या आहेत, पण त्यांची दखल घ्यावी लागते इतक्या त्या कमी.

थांबण्याचा हिशेब करारात असतो. ठरलेल्या तासांपेक्षा गाडी जास्त थांबली तर माल पाठवणाऱ्याने वाहतूक कंपनीला ‘हॉल्टिंग’ द्यायचं. कंपनी ते मागते, बरेचदा वसूलही करते. त्यातला वाटा ड्रायव्हरपर्यंत मात्र क्वचितच पोहोचतो. त्याचा भत्ता ट्रिपवर. महिन्यात ट्रिपा किती पडल्या यावर त्याचं घर चालतं आणि ट्रिपा किती पडतील हे त्याच्या हातात नसतं. जीपीएसच्या नकाशावर उभी गाडी मिनिटामिनिटाने दिसते. पगारपत्रकात ती मिनिटं शोधून सापडत नाहीत. वर ई-वे बिलाची घाई वेगळीच: दर २०० किलोमीटरला एक दिवसाची मुदत, गेटवर अडकून ती संपत आली की ऑफिसला फोन करून वाढवून घ्यायची. मग थांबण्यात गेलेले तास रस्त्यावर भरून काढायचे. रात्री तीन वाजता डुलकीचा बझर वाजतो त्याची सुरुवात दुपारी दोन वाजता गेटवर झालेली असते.

यावर एक खरोखरीचा वेगळा प्रयोग याच महामार्गाने पाहिला आहे. रिव्हिगो नावाची कंपनी २०१४ साली सुरू झाली. तिने ड्रायव्हरला ‘पायलट’ म्हटलं आणि टप्प्याटप्प्याने गाडी बदलायची पद्धत लावली. एका ड्रायव्हरने चार-पाच तास चालवायचं, ठरलेल्या ठिकाणी गाडी दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची, उलट्या दिशेने येणारी गाडी घेऊन परत फिरायचं, आणि रात्री घरी. गाडी थांबत नाही, माणूस थकत नाही. कल्पना इतकी साधी की टपालाच्या घोड्यांना ती शेकडो वर्षांपूर्वी माहीत होती. पण त्यासाठी दोन्ही दिशांना सारखा माल लागतो, ड्रायव्हर जास्त लागतात, आणि त्या खर्चाइतकं भाडं द्यायला गिऱ्हाईक लागतं. तोटा वाढत गेला, आणि २०२२ साली कंपनीचा एक्सप्रेस मालवाहतुकीचा व्यवसाय महिंद्रा लॉजिस्टिक्सने २२५ कोटींना घेतला. मला या गोष्टीचं वाईट वाटतं ते एवढ्यासाठी, की ड्रायव्हरला रात्री घरी पाठवणं हे धंद्याचं गणित म्हणून मांडून पाहणारे फार थोडे होते.

घर हा मुद्दा छोटा नाही. ‘ड्रायव्हरला मुलगी द्यायची नाही’ हे वाक्य बीड-परभणीपासून पालघरपर्यंत ऐकू येतं. महिनामहिना बाहेर राहणाऱ्या माणसांच्या आजारांकडेही फार उशिरा लक्ष गेलं. टीसीआयसारख्या जुन्या वाहतूक कंपनीच्या फाउंडेशनने महामार्गांवर ट्रकवाल्यांसाठी ‘खुशी क्लिनिक’ चालवली, तीही एड्सच्या भीतीने. एरवी साखर, पाठ आणि डोळे यांसाठी कुणी ढाब्यावर डॉक्टर पाठवला असता का, शंकाच आहे.

या माणसांची ताकद देशाला एकदाच नीट दिसली. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत नव्या भारतीय न्याय संहितेतल्या अपघात करून पळण्याच्या कलमाविरुद्ध ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या. दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. महाराष्ट्रभर पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या आणि दुसऱ्याच दिवशी सरकार बोलणीला आलं. संहिता त्या वर्षी १ जुलैला लागू झाली तेव्हा १०६ चं दुसरं उपकलम बाजूला ठेवलेलं होतं. पळून जाण्याचं समर्थन कुणी करू नये. पण अपघातानंतर जमावाच्या हाती सापडण्यापेक्षा पळालेलं बरं, हे मोठ्या गाडीच्या ड्रायव्हरला पहिल्या दिवसापासून शिकवलं जातं, त्यात चूक कुणाचीही असो.

आता वाढवण बंदर येतंय. ३० ऑगस्ट २०२४ ला पायाभरणी झाली, ७६ हजार कोटींचं काम. वरोरपासून तव्यापर्यंत ३२ किलोमीटरचा नवा रस्ता त्याला महामार्गाशी जोडणार. इकडे द्रुतगती मार्ग मासवणला येतोय. बंदर सुरू झालं की या पट्ट्यात कंटेनरच्या गाड्या आजच्या कितीतरी पट होतील आणि त्यांवर हजारो ड्रायव्हर लागतील, त्यातले काही इथलेच व्हावेत. गाडी वडोदऱ्याहून सकाळी निघून दुपारी मासवणला उतरेल, तेव्हा टप्प्याटप्प्याची ती जुनी कल्पना पुन्हा कुणाला तरी परवडू लागेल. त्याआधी कंपन्यांशी आणि कारखान्यांशी होणाऱ्या करारांत दोन ओळी लिहून घ्यायला हव्यात: हॉल्टिंगचं मीटर गाडी गेटवर लागली तेव्हा सुरू होणार की काट्यावर चढली तेव्हा, आणि त्यातला किती हिस्सा ड्रायव्हरच्या खात्यात थेट जमा होणार.