लसीची वाट पाहताना

२३ एप्रिल १९८४ रोजी अमेरिकेच्या तत्कालीन आरोग्यमंत्री मार्गारेट हेकलर यांनी वॉशिंग्टनमध्ये एड्सचा विषाणू सापडल्याचे जाहीर केले आणि दोनेक वर्षांत लस चाचणीसाठी तयार होईल, अशी आशाही बोलून दाखवली. (पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये तो वर्षभर आधीच सापडला होता; २००८ चे नोबेलही तिथल्याच बारे-सिनूसी आणि मॉन्तान्ये यांना मिळाले.) त्याला चार दशके उलटून गेली, लस आलेली नाही. त्यामुळे एचआयव्ही संशोधनाची कहाणी अपयशाची म्हणून सांगायची रीत पडली आहे. मला ती पटत नाही. या काळात संसर्ग रोखण्याची साधने आली, चांगली आली. फक्त ती लसीच्या वाटेने आली नाहीत. आणि ती का आली, हे लस का आली नाही यापेक्षा कमी महत्त्वाचे नाही.

१९८४ चा आत्मविश्वास अगदीच निराधार नव्हता. देवी निर्मूलनाची घोषणा होऊन जेमतेम चार वर्षे झाली होती. पण देवी काय किंवा गोवर काय, या रोगांतून बहुसंख्य माणसे आपली आपण बरी होतात. शरीराला जिंकणे जमते, लस त्या विजयाची रंगीत तालीम तेवढी करून घेते. एचआयव्हीच्या बाबतीत असा नमुनाच नव्हता. उपचाराविना विषाणू शरीरातून घालवणारे एखाददुसरे अपवाद अगदी अलीकडे नोंदले गेले. हा विषाणू ज्यांनी प्रतिकाराचे नेतृत्व करायचे त्या सीडी-४ पेशींनाच गाठतो, आपला आराखडा त्यांच्या जनुकांत टाके घातल्यासारखा गुंफतो आणि त्यांतल्या काही पेशींत वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो. वरच्या प्रथिनावर शर्करेचा इतका दाट लेप असतो की प्रतिपिंडांना पकड मिळत नाही. मिळालीच, तर तोवर त्याचे रूप बदललेले असते. थोडक्यात, शरीराला जे कधी जमले नव्हते ते लसीने शिकवायचे होते.

चाचण्यांचा ताळेबंद मग तसाच निघाला. २००३ मध्ये पहिली मोठी लस निष्प्रभ ठरली. २००७ मध्ये ‘स्टेप’ चाचणी लस निष्प्रभ दिसल्याने थांबवावी लागली. पुढे तर काही पुरुषांमध्ये धोका कमी होण्याऐवजी वाढल्याचे दिसले. थायलंडमध्ये सोळा हजारांवर स्वयंसेवकांच्या चाचणीत २००९ साली ३१ टक्के संरक्षण दिसले. ते पुढे दक्षिण आफ्रिकेत टिकले नाही आणि २०२० मध्ये तिथली चाचणी बंद झाली. त्यानंतरच्या दोन मोठ्या चाचण्याही २०२१ आणि २०२३ मध्ये गुंडाळल्या गेल्या. पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत, म्हणजे ‘नारी’त, २००५ साली भारतातली पहिली एचआयव्ही लस-चाचणी झाली. लस सुरक्षित होती, प्रतिकारशक्ती जागवण्यात मात्र कमी पडली.

दुसरीकडे औषधे आपले काम करत होती. एझेडटी हे औषध दिल्याने आईकडून बाळाला होणारा संसर्ग २५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर येतो, हे १९९४ मध्येच दिसले होते. त्याचा खरा अर्थ उमगायला २०११ उजाडले. नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांच्या अभ्यासात, ज्यात पुणे आणि चेन्नईही होते, बाधित जोडीदाराला लवकर औषधे सुरू केल्यास दुसऱ्याला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो असे आढळले. उपचार वेगळा आणि प्रतिबंध वेगळा, ही सोयीची विभागणी तिथे कोसळली. बाधा नसलेल्याने आधीच औषध घ्यावे, हा विचार त्याच सुमारास चाचण्यांत उतरू लागला होता.

लेनाकापाविर हे या विचाराचे आजवरचे सर्वांत प्रभावी फळ. विषाणूच्या गाभ्याभोवती एकाच प्रथिनाच्या हजारावर प्रतींचे शंकूसारखे कवच असते. ते पेशीत शिरताच गळून पडणारे वेष्टण आहे, अशी जुनी समजूत. युटा विद्यापीठातल्या वेस्ली संडक्विस्ट यांच्यासारख्यांनी त्याची रचना उलगडण्यात वर्षे घालवली, तेव्हा त्यातून काही औषध निघेल याची खात्री कुणालाच नव्हती. पुढे कळले की हे कवच पेशीकेंद्रापर्यंत प्रवास करते. ते नको तितके घट्ट झाले तरी विषाणूचे काम अडते आणि नको तितके सैल झाले तरी. लेनाकापाविर नेमके या कवचाच्या सांध्यांत बसते. सहा महिन्यांतून एकदा, त्वचेखाली. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत हे इंजेक्शन घेतलेल्या २,१३४ मुली व तरुणींपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. हा निष्कर्ष २०२४ चा.

मग लसीवरचा पैसा वाया गेला का? असे म्हणणारे विसरतात की एचआयव्ही लसीसाठी उभारलेली चाचणी केंद्रेच कोविड लसींच्या चाचण्यांना कामी आली. लसीचे कामही संपलेले नाही: प्रतिपिंडे घडवणाऱ्या दुर्मिळ मूळ पेशींना टप्प्याटप्प्याने वळण लावण्याच्या पद्धतीला पहिल्या चाचणीत ३६ पैकी ३५ जणांत प्रतिसाद मिळाला. आजार रोखायला निरोध पुरेसा आहे, हा आक्षेप अधिक जुना. त्याचे उत्तर पुण्यातच मिळाले आहे. गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या, देहविक्रय न करणाऱ्या स्त्रियांमध्ये १३.६ टक्के बाधित असल्याचे ‘नारी’च्या संशोधकांनी १९९७ मध्ये नोंदवले. त्यांतल्या बहुतेकींचा संबंध एकट्या नवऱ्याशीच आला होता. निरोध वापरायचा की नाही हे ठरवणे यांच्या हातात कुठे होते? कुणाला न विचारता घेता येणारे इंजेक्शन ही त्यांच्यासाठी चैन नव्हे.

तिसरा आक्षेप किमतीचा, आणि तो मला खोडता येत नाही. २०२५ मध्ये प्रतिबंधासाठी मान्यता मिळाली तेव्हा अमेरिकेत लेनाकापाविरची वर्षाची किंमत २८ हजार डॉलरवर होती. त्याच वर्षी अमेरिकी सरकारने परदेशांतल्या एचआयव्ही कार्यक्रमांच्या आणि लस संशोधनाच्या निधीला कात्री लावली. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज आणि हेटेरो या कंपन्यांनी १२० देशांसाठी तेच औषध वर्षाला सुमारे ४० डॉलरला देण्याचे करार केले आहेत. त्यांचा पुरवठा २०२७ पासून सुरू व्हायचा आहे.