बंदुकीची नळी आणि तिची निगा

विजयादशमीच्या दिवशी म्हैसूरच्या राजवाड्याजवळ २१ तोफांची सलामी झडते, तेव्हा तिचा आवाज चामराजपुरमच्या रस्त्यांपर्यंत पोचतो. नागरिकांचे कान त्या गर्जनेकडे असतात. तोफा उडविणाऱ्या पोलिसांचे लक्ष मात्र नळीकडे असते. एक बार उडाला की लांब दांड्याला बांधलेला ओला बोळा नळीत तळापर्यंत फिरवावा लागतो आणि मगच दारूची दुसरी पिशवी आत सारता येते. आत एखादी ठिणगी धुमसत राहिली, तर नवी पिशवी अवेळी पेट घेईल आणि पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या प्राणावर बेतेल. रायफलच्या नळीत राहिलेला मळ इतक्या तातडीने घात करीत नाही. तो सावकाश आणि नकळत करतो, एवढाच फरक.

तेलाखालचा गंज

तोफेची काळी दारू सोरा, कोळसा आणि गंधक यांची बनते. त्यांचे नेहमीचे प्रमाण शेकडा ७५, १५ आणि १० असे असते. ती जळल्यावर तिच्या निम्म्याहून अधिक वजनाचे घन पदार्थ मागे उरतात. त्यांतील बरेचसे क्षार पाण्यात विरघळतात. म्हणून जुने शिकारी बंदुकीची नळी गरम पाण्याने धूत असत.

१८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्येय यांनी धूरविरहित दारू तयार केली. ती जळून बहुतेक वायुरूप होते, नळी वरवर स्वच्छ दिसते. साहजिकच पाण्याचा उपयोग मागे पडला व पुसून तेल लावणे पुरेसे वाटू लागले. परंतु काळजीपूर्वक तेल लावलेल्या नळ्याही गंजू लागल्या. दोष नव्या दारूतून निघणाऱ्या आम्लाचा असावा, असा तर्क पुष्कळ वर्षे चालला.

१९२२ साली अमेरिकेच्या ‘ब्यूरो ऑफ माइन्स’ने प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हफ यांनी खरे कारण दाखवून दिले. ते दारूत नसून काडतुसाच्या टोपीत होते. टोपीतील पोटॅशियम क्लोरेटचे स्फोटात पोटॅशियम क्लोराइड होते. हा मिठाच्याच जातीचा क्षार आहे. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते, तसेच याचेही होते. २५ अंश सेल्सिअस तपमानात हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ८५ टक्क्यांवर गेली, की तो ओलावा शोषून पाझरू लागतो. कोकणातील पावसाळ्यात एवढी आर्द्रता नित्याचीच असते. तेलात हा क्षार विरघळत नाही. तेलाच्या थराखाली राहूनच तो पोलाद खातो. काळ्या दारूच्या काळात मळ धुताना तोही आपोआप वाहून जात होता.

यावर उपाय जुनाच ठरला. .३०३ रायफल वापरणारे सैनिक नरसाळ्याने नळीत उकळते पाणी ओतीत. पाण्याने क्षार विरघळे आणि तापलेल्या पोलादावरील ओल लवकर उडून जाई. त्यानंतर कोरडी चिंधी व शेवटी तेल, असा क्रम असे. पुढे क्लोरेटविरहित टोप्या प्रचारात आल्या. परंतु जुन्या साठ्यातील काडतुसे वापरल्यास हाच क्रम आजही पाळावा लागतो.

नव्या नळीचा पहिला काळ

नवी नळी दिसावयास आरशासारखी असली, तरी तिच्या आत हत्यारांच्या सूक्ष्म रेषा असतात. विशेषतः काडतुसाची जागा कोरणाऱ्या हत्याराच्या रेषा गोळीच्या मार्गाला आडव्या पडतात. त्यांवरून जाताना गोळीचे तांब्याचे आवरण किंचित खरवडले जाते व ते तांबे पुढे नळीत चिकटते. त्याच्यावर पुन्हा तांब्याचे थर चढले, तर गोळ्या एका ठिकाणी पडेनाशा होतात. म्हणून आरंभी प्रत्येक बारानंतर नळी साफ करण्याची आणि पुढे हे अंतर हळूहळू वाढविण्याची पद्धत आहे. त्यामुळे गोळ्यांनीच त्या रेषा गुळगुळीत होतात, असा तिचा हेतू. कारखान्यातच घासून गुळगुळीत केलेल्या नळीस याची गरज थोडी असते. आणि प्रत्येक बाराने नळी झिजतेही, हे विसरून चालत नाही.

मग थांबावे केव्हा? याचे उत्तर चिंधी देते. अमोनियायुक्त द्रव हवेच्या सान्निध्यात तांबे विरघळवितो व चिंधीवर निळा डाग उमटतो. डाग फिका होत गेला, की नळी तांबे कमी धरू लागली असे समजावे. मात्र ब्रशाचे तार किंवा गजाचे टोक पितळेचे असेल, तर निळा रंग त्यांचाही असू शकतो. म्हणून येथे नायलॉनचा ब्रश बरा. गज शक्य तेथे मागच्या बाजूने घालावा, कारण तोंडाची कड थोडीही दुखावली तर गोळीची दिशा बिघडते. त्याआधी बंदूक रिकामी असल्याची खात्री करावी, हे सांगणे नलगे.

सर्वच नळ्यांना एक नियम लागू पडत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. या स्पर्धेतील .२२ काडतुसाची गोळी उघड्या शिशाची असते. तेथे प्रश्न शिसे व वंगण यांचा आहे, तांब्याचा नव्हे.

तेव्हा नळीत काय उरले आहे हे आधी ओळखावे आणि मग ते कशात विरघळते ते पाहावे. क्षाराला पाणी, तांब्याला अमोनिया; आणि ते काढून नळी कोरडी केल्यावर रक्षणासाठी तेल. पुढच्या वेळी बार काढण्यापूर्वी तेही कोरड्या चिंधीने टिपून घ्यावे.